हात पाण्यात घालण्याआधी

आधी ती जाळी खाली ठेव, मनू. मासे बाहेर काढायचेच नाहीयेत आपल्याला. आपल्याकडे घरोघर एकच पद्धत: मासे जाळीने उचलायचे, बादलीत टाकायचे, खडी खसाखसा घासायची, काच लख्ख करायची आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरायचं. टाकी अशी चकचकीत होते की बघत राहावं. मग दोन दिवसांनी मासा उताणा तरंगला की म्हणायचं, ‘पाणी मानवलं नाही बुवा.’ अरे, मानवायला वेळ कुठे दिलात?

हे पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा मासे बघ. तू काचेपाशी वाकलीस मात्र, सगळे पलीकडच्या कोपऱ्यात. हे आपल्याच देशातले, ओढ्यानाल्यांत आणि भाताच्या खाचरांत राहणारे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या गृहस्थांनी गंगेतल्या माशांवर १८२२ साली पुस्तक लिहिलं, त्यात यांची पहिली नोंद आहे. खाचरात वरून सावली पडली की तो बगळा, एवढंच या माशांना ठाऊक. तुझा हात बगळा नाही, हे कोण सांगणार त्यांना? म्हणून काम सुरू करायच्या आधी टाकीतला दिवा बंद करायचा. माशाला पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोयच नाही.

दिवा बंद केला तरी हात आल्याचं त्याला कळतंच. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या कुशीवर एक ओळ असते. त्या ओळीत बारीक केसांसारखी टोकं असलेल्या पेशींचे झुबके असतात. पाणी जरासं ढवळलं की ती टोकं वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये आंधळे मासे आहेत, पण ते अंधारात खडकावर आपटत नाहीत. स्वतःच्या पोहण्याने हललेलं पाणी खडकापाशी कसं बदलतं, ते त्यांना अंगावर कळतं. तुझा हात भसकन आत गेला तर माशाच्या अख्ख्या अंगावर काहीतरी धावून आल्यासारखं होतं. सावकाश घातलास तर त्याला बाजूला व्हायला फुरसत मिळते.

आणि गंमत सांगू? तसल्याच पेशी तुझ्या-माझ्या कानात आहेत. माझ्या बऱ्याचशा गेल्या. माणसाच्या गेल्या की परत येत नाहीत, म्हणून हे कानातलं यंत्र. या चिमुरड्याच्या मात्र मेल्या तर काही दिवसांत नव्या उगवतात! बहिरेपणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ उगाच नाही त्याच्या मागे लागलेले.

काचेवर टिचकी नको. गोल्डफिश, झेब्रा मासा, आपला रोहू यांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिथपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी. एर्न्स्ट वेबर यांनी १८२० साली तिचं वर्णन केलं. आवाजाने पिशवी थरथरली की हाडं ती थरथर कानाला पोचवतात. पाण्यात आवाज धावतोही सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. आपली टिचकी म्हणजे त्यांना देवळातली घंटा डोक्यावर वाजल्यासारखी.

‘मग जाळीने काय होतं, आजोबा?’

हां, ती खरी गोष्ट. कार्ल फॉन फ्रिश नावाचे एक मोठे प्राणिशास्त्रज्ञ होते. मधमाश्यांचा नाच ओळखणारे तेच, १९७३ सालचं नोबेल मिळालेले. ते मिनो नावाच्या छोट्या माशांवर प्रयोग करत. थव्यातला एक मासा ओळखू यावा म्हणून त्यांनी त्याच्या शेपटीजवळ बारीकसा छेद दिला आणि त्याला पुन्हा थव्यात सोडलं. तर बाकीचे मासे दचकले, एकमेकांना चिकटले आणि पळाले! ना कुणी शिकारी, ना आवाज. शोधता शोधता कळलं की या माशांच्या कातडीत काही खास पेशी असतात. कातडी फाटली की त्यातलं रसायन पाण्यात उतरतं आणि त्याचा वास लागताच बाकीच्यांना समजतं की कुणीतरी जखमी झालंय. फ्रिश यांनी १९३८ साली हे जाहीर केलं. झेब्रा मासे, टेट्रा, गोल्डफिश, सगळे त्याच मोठ्या गोतावळ्यातले. आता बघ, जाळीत मासा तडफडला, त्याचा बुळबुळीत थर निघाला, कातडीला ओरखडा गेला, की घाबरणारा तो एकटा राहत नाही.

आता पाण्याकडे वळू. पंपाचं आणि हीटरचं बटण आधी बंद. नळी लावून साधारण चौथा हिस्सा पाणी काढायचं, तळाच्या खडीतली घाण ओढत ओढत. आठवड्याला एवढं पुरतं. फिल्टरचा स्पंज काळपट दिसतोय ना? त्याला नळाखाली धरू नकोस. काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळ आणि परत लाव. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तो त्यालाच विष. त्या स्पंजात आणि खडीवर राहणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, जे कितीतरी कमी घातक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच. त्याला आपले जिवाणू कोणते नि परके कोणते, काय कळणार? म्हणून भरायचं पाणी मी कालच बादलीत काढून ठेवलंय. क्लोरीन उडून जातं आणि पाणी खोलीइतकं कोमट-गार होतं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, पण कोमटपणा बोटाने तपासायचाच. माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम किंवा गार.

सगळ्यात मोठी चूक होते ती महिनोन् महिने दुर्लक्ष केलेल्या टाकीत. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं, ते साठून पाणी हळूहळू आंबट होत जातं. आंबट पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे पाणी कितीही जुनं असलं तरी मासा तग धरतो. मग एका रविवारी उत्साह येतो. अर्ध्याहून अधिक पाणी ओतून टाकायचं आणि नळाचं, किंचित अल्कली पाणी भरायचं. पाण्याचा पीएच सातवरून आठवर गेला तर अमोनियाचा विषारी हिस्सा साधारण दहापट होतो. मासा मरतो तो घाणीने नाही, आपल्या एकदम आलेल्या उमाळ्याने. अशी टाकी सापडली तर दहावा हिस्सा काढायचा, दोनेक दिवस थांबायचं, पुन्हा दहावा.

ओतायचं कसं, ते बघ. काचेच्या आतल्या बाजूने, बशीवर धार पडेल असं, हळूहळू. पाणी भरलं की मग पंप चालू. दिवा इतक्यात लावू नकोस, आणि खाणंसुद्धा थोड्या वेळाने. झेब्रांचे पट्टे फिके पडलेत ना, ते घाबरल्यामुळे. रंग परत भरला की समजायचं, आता खातील.

ती काढलेल्या पाण्याची बादली मोरीत ओतू नकोस हं. त्यात नायट्रेट आहे आणि मीठ आपण कधी घातलेलं नाही. गॅलरीतल्या मोगऱ्याला घाल, उरलेलं कढीलिंबाला.