डीव्हीडी बिघडली नाही, बरं का!

दोस्तांनो, समजा सुट्टीत तुम्ही शेंदूरजनाघाटला आजीकडे गेलात. संत्र्याच्या बगीच्यात हुंदडून आलात आणि कपाटात अमेरिकेतल्या मावशीच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. आजीच्या जुन्या टीव्हीवर लावली, तर आवाज छान. पण चित्र काळंपांढरं आणि सारखं वर सरकणारं! "बिघडली, फेकून दे," असं कुणी म्हणालं, तर थांबा.

टीव्हीचं चित्र आडव्या ओळींनी बनतं. भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते 'पाल' पद्धतीनं. तिच्यात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेची पद्धत 'एनटीएससी'. तिच्यात ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. असं का? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिकडची ६० ची. विजेशी मेळ राहावा म्हणून चित्रं तिच्या निम्मी ठेवली. आजीच्या टीव्हीला फक्त पालच समजतं!

मग ओळखायचं कसं? वेष्टनाची मागची बाजू पाहा. पद्धतीचं नाव बहुधा तिथं छापलेलं असतं. नसेल, तर डीव्हीडी संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि 'कोडेक इन्फर्मेशन' उघडा. सगळ्याच ओळी चित्राच्या नसतात. म्हणून पालची उंची ५७६ दिसते, एनटीएससीची ४८०.

संगणकाला दोन्ही पद्धती चालतात. तेव्हा आजीला हाक मारा, मावशीचं लग्न रंगीत दिसेल! आणि हो, डीव्हीडी कायम टिकत नाही. आजच एक प्रत करून ठेवाल ना?