गोळीभोवतीची चिंधी

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले शिकारी लांब नळीच्या रायफलीत तोंडाकडून शिशाची गोल गोळी ठासत, तीही चरबी चोळलेल्या चिंधीत धरून. नळीच्या आतल्या पिळदार खाचांत रुतते ती चिंधी, गोळीला गिरकीही तीच देते. शिवाय मागचा वायू अडवते. 0.50 इंची नळीत 0.490 ची गोळी घातली, तर दोन्ही बाजूंना फट उरते जेमतेम 0.005 इंच. कापड मात्र 0.015 जाडीचं! म्हणजे चांगलंच चेपलं जाणार. म्हणून वीण घट्ट हवी. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड आजही हौशी नेमबाजांचं लाडकं; आधी धुऊन खळ तेवढी काढायची. टेरिकॉट नकोच, वितळतं. बार झाल्यावर पुढे पडलेली चिंधी उचलून पाहावी. कडा विसकटलेल्या, मधे काजळीचा डाग, तर ठीक. जळून भोक पडलं असेल, तर कापड कमजोर किंवा चरबी कमी.