नकाशावरचे मैदान

शहरातले प्रत्येक मैदान दोन ठिकाणी असते. एक जमिनीवर, जिथे मुले चेंडू हरवतात. दुसरे विकास आराखड्यावर, जिथे त्याला रंग, हद्द आणि क्रमांक असतो. पहिल्यावर कचरा साठला की आपण लगेच तक्रार करतो. दुसऱ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही, आणि मैदान जाते ते पुष्कळदा तिथूनच.

आमच्या मुंबईला आराखड्यांचे वावडे नाही. आज ज्याला आपण शिवाजी पार्क म्हणतो ते मैदान नगरपालिकेने १९२५ साली लोकांना खुले केले. १९४८ साली मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईच्या वाढीची रूपरेषा मांडली. साठीच्या दशकात पहिला विकास आराखडा मंजूर झाला, नव्वदीत दुसरा आणि २०१८ साली तिसरा. हा तिसरा २०३४ सालापर्यंतचा आहे.

आता थोडे कायद्याचे. वाचकहो, पान उलटू नका! महाराष्ट्राच्या १९६६ सालच्या नगररचना कायद्याने खासगी जमिनीवर मैदानाचे आरक्षण टाकता येते. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडते. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे एक वर्ष झाली आणि २०१५ पासून दोन वर्षे आहे. मग त्या जागी इमारत उभी राहिली तर कुणाला दोष द्यायचा?

गेल्या कोजागरीला आमच्या गच्चीवर मसाला दुधाबरोबर शेजारच्या वकीलसाहेबांनी आराखड्याचे पान पसरले. आमचे मैदान त्यावर होते; आरक्षित, पण अजून संपादन न झालेले. झाले, चर्चेला ऊत आला! तरुणांना क्रिकेट हवे, आजोबांना बाके, महिला मंडळाला चालायची वाट. एका मास्तरांनी तर हिशेबच मांडला : कबड्डीला १३ मीटर बाय १० मीटर पुरतात, फुटबॉलला मात्र १०५ बाय ६८ लागतात, तेव्हा आधी कबड्डी! आवाज चढू लागले, तशी आमची सौ. पेले गोळा करता करता म्हणाली, "अहो, जागा राहिली तर भांडाल ना?"

त्या वाक्याने गच्ची गप्प झाली. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सह्यांचा अर्ज तयार केला : ही जागा ताब्यात घ्या. बाके आणि कबड्डी पुढच्या पानावर.

असल्या अर्जांनी काय होते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना २०१५ साल आठवून द्यावे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि नागरिकांनी हजारो हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये सरकारने तो फेरतपासणीला परत पाठवला. २०१६ साली सुधारित मसुदा आला, तेव्हा कुठे पुढची वाट मोकळी झाली.

वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारावा, असे कायदाच सांगतो. त्या वेळी हरकती आणि सूचनांची मुदत येते आणि जाते. २०३४ काही फार दूर नाही. तेव्हा फराळाची ताटे फिरतील त्या चार दिवसांत एक काम करा. आपल्या विभागाचा आराखडा मिळवा. घराजवळचे मैदान शोधा. ते खेळासाठी आहे की बागेसाठी, संपादन झाले आहे की नाही, हे पाहा. नगर भूमापन क्रमांक टिपून घ्या. अर्जात "कोपऱ्यावरचे मैदान" चालत नाही.

आणि मुले अंगणात किल्ला करत असतील, तर त्यांना विचारा माती कुठून आणली. ज्या जागेचे नाव ती सांगतील, तिचा क्रमांक आधी टिपा.