मामाचा हॅम रेडिओ

माझ्या मामाकडे हॅम रेडिओ आहे. त्यावर ऐकता येते, बोलताही येते. पण बोलायला सरकारी परवाना लागतो. म्हणून मी नुसता ऐकतो.

आधी बँड निवडायचा. दिवसा आपल्या राज्यातले बोलणे ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला लागते. लांबच्या देशांसाठी २० मीटर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झ. मग मोठे गोल बटण हळूहळू फिरवायचे. आधी माणूस बदकासारखा बोलतो! जरा पुढेमागे केले की आवाज नीट होतो.

एकदा मी घाईत बटण गरकन फिरवले, तर बोलणे निसटलेच. मामा म्हणाला, "अरे, कुणी मदत मागत असेल तर?" २००१ साली भुजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅम रेडिओवरूनही निरोप गेले होते. आता मी केसभर केसभर फिरवतो.