हवाला कुठे आहे?

9 जानेवारी 2022, रविवार. सकाळी मोबाइल उघडला तर गूगलच्या पहिल्या पानावर फातिमा शेख! सावित्रीबाई फुल्यांच्या खांद्याला खांदा लावून पुण्यात मुलींना शिकवणाऱ्या आपल्या फातिमाबी. दुपारपर्यंत आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच चित्र वीस वेळा येऊन गेले. कुणी गुलाब लावला, कुणी माशाअल्लाह लिहिले. फातिमाबींनी केले काय, हे मात्र एकीनेही लिहिले नाही.

मी उर्दू हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. आमच्या मुलींचे मराठीशी नाते बहुधा पेपरापुरतेच असते. म्हटले, ही संधी बरी आहे. पाच मुली निवडल्या आणि मराठी विकिपीडियावरच्या फातिमा शेख यांच्या लेखात चार वाक्ये भरायला सांगितले.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे पगारी लेखक नाहीत. तुम्ही-आम्ही कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे. शिकाऊ माणसासाठी वेगळे पान असते, त्याचे नाव ‘धूळपाटी’. धुळीवर अक्षरे गिरवून शिकण्याच्या जुन्या रिवाजावरून आलेला हा शब्द मुलींना फार आवडला. आठवडाभर त्या धूळपाटीवर गिरवत बसल्या आणि मग एके रात्री चार वाक्ये खऱ्या लेखात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली तीन गायब!

“मॅडम, आपलं नाव आलं की पुसतातच ना?” सर्वांत हुशार मुलगी म्हणाली. रागाने तिचा आवाज कापत होता. खरे सांगू? माझ्याही मनात पहिला विचार तोच आला होता. तिला समजावण्याऐवजी मी गप्प राहिले, ही माझी चूक.

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कधी, काय घातले आणि काय काढले, ते सगळे तिथे कायम राहते. आम्ही तो उघडला. वाक्ये काढणाऱ्याने कारण दिले होते : संदर्भ नाही. मग त्या माणसाची इतर कामे पाहिली. एका गावाच्या लेखातून त्याने जत्रेची माहिती काढली होती, एका संतांच्या लेखातून चमत्कार, कारण तेच. म्हणजे वैर आमच्याशी नव्हतेच.

लेखाला जोडून एक चर्चा पान असते. उर्दू विकिपीडियावर त्याला ‘तबादला-ए-खयाल’ म्हणतात. तिथे त्या मुलीने जरा फणकाऱ्यानेच लिहिले, “ही माहिती सगळीकडे आहे.” उत्तर आले, “सगळीकडे आहे, पण पहिल्यांदा कुठून आली?” खाली एक सल्लाही होता : ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ पाहा. दुसऱ्याच कुणीतरी आमचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवले होते. ती दुरुस्ती मी वहीत लाल शाईने केली असती तर मुलींनी पाहिलीही नसती. इथे पाचही जणींनी एकेक वेलांटी तपासली.

मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ते पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळाले. त्यात सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले 10 ऑक्टोबर 1856 चे, नायगावहून लिहिलेले. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्या मागे फातिमाला खूप त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. जेमतेम दोन ओळी! पण त्या वाचताना माझ्या अंगावर काटा आला. गूगलच्या चित्रात फातिमाबी हसऱ्या होत्या. इथे त्या दमलेल्या दिसल्या.

मुलींनी पत्राचा संदर्भ देऊन वाक्य पुन्हा घातले. ते टिकले. पण त्याच शोधात दुसरी गोष्टही कळली. 9 जानेवारी 1831 ही जन्मतारीख जिथे जिथे दिसली, तिथे एका लेखाने दुसऱ्याकडून घेतलेली होती. मूळ कागद आमच्या हाती लागला नाही. म्हणजे ज्या वाढदिवसामुळे हे सारे सुरू झाले, त्याच्याच खाली ‘संदर्भ हवा’ असे लिहायची पाळी आली. दोघी मुली तयार होईनात. “मॅडम, आपण आपल्याच माणसाची तारीख कशी काढायची?” शेवटी तारखेचे वाक्य आम्ही घातलेच नाही. तो निर्णय मुलींचा होता, माझा नव्हे.

उर्दूत संदर्भाला हवाला म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्रात हवाला म्हणजे काळ्या पैशाचा व्यवहार. यावर मुली हसून हसून लोटपोट झाल्या. तेव्हापासून वर्गात कुणी काही ठोकून दिले की मागून आवाज येतो, “हवाला?” माझ्यावरही ही वेळ दोनदा आली आहे. एकदा उत्तर नव्हते.

ग्रुप तर आपण सगळेच चालवतो. शाळेचा, खानदानाचा, मोहल्ल्याचा. पण आलेले पुढे ढकलणे यात चार डोकी एकत्र येत नाहीत, चार अंगठे येतात. अनोळखी माणसाने आपले वाक्य खोडावे, आपण चिडावे, मग त्याच्याच सांगण्यावरून वाचनालयाची पायरी चढावी, असे आमच्या ग्रुपमध्ये कधी घडले नव्हते.

जानेवारी 2025 मध्ये एका नामांकित पत्रकाराने फातिमा शेख हे पात्रच काल्पनिक असल्याचे समाजमाध्यमांवर जाहीर केले. ती मुलगी आता कॉलेजात आहे. तिचा फोन आला. त्यांच्या खानदानी ग्रुपवर रणधुमाळी चालली होती. चाचा दर पाच मिनिटांनी जन्मदिनाचे पोस्टर टाकत होते. तिने पत्राची तारीख, गाव आणि पुस्तकाचे नाव लिहिले. ग्रुप खूश झाला. मग तिने पुढे लिहिले की पोस्टरवरच्या जन्मतारखेला मात्र आपल्याकडे पुरावा नाही.

“मग, चाचा काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हणाले, तू नेमकी कुणाच्या बाजूची?” ती हसत होती, पण आवाज थोडा पडला होता. “अब्बांनी मध्ये पडून विषय बदलला. रात्री मात्र चाचांचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. विचारत होते, ते पुस्तक कुठल्या वाचनालयात मिळेल?”