हापूसचा प्रश्न मोहोरातच सोडवायला हवा

रत्नागिरीत आंब्याचे साल कसे जाणार, याचा अंदाज पौष-माघातल्या मोहोरावरून बांधतात. पण झाड मोहोराने लगडले म्हणजे आंबा हाती आला असे होत नाही. एका तुऱ्यात शेकडो फुले असतात आणि त्यांतली बहुतेक नर असतात. फळ धरते ते फक्त संयुक्त फुलात, म्हणजे ज्यात बीजांडकोश आणि पुंकेसर दोन्ही असतात त्यात. हापूसमध्ये अशी फुले मुळातच कमी. मोहोर फुटताना थंडी लांबली की नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते. त्यातून धरलेली फळेही गळतात आणि हजार फुलांमागे जेमतेम एखादा आंबा टिकतो. वर्षाआड येण्याची खोड आहेच. म्हणून हापूसच्या उत्पन्नाचा विचार खते-फवारण्यांच्या आधी फुलांच्या गुणांपासून, म्हणजे वाणापासून सुरू व्हायला हवा.

वाणातूनच हे गुण सुधारणे शक्य आहे, याचा पुरावा कोकणातच आहे. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात दक्षिणेकडचा नीलम आणि आपला हापूस यांचा संकर झाला. नीलम दरवर्षी धरणारा, हापूस चवीचा राजा. आंब्याचे फूल जेमतेम काही मिलिमीटरचे, त्यात कामाचा पुंकेसर बहुधा एकच. तो चिमट्याने काढायचा, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि गळती होऊन जे उरेल त्याची वाट पाहायची. एका फळातून कोय मिळते एकच आणि ती रुजवल्यावर झाड फळायला काही वर्षे जातात. या चिकाटीतून १९८१ साली ‘रत्ना’ प्रसारित झाला. तो नियमित फळतो आणि त्यात साका, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होण्याचा हापूसमधला दोष, होत नाही. अक्रोडाची गोष्टही हीच. बहुतेक जुन्या जाती फांदीच्या शेंड्यालाच धरत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७९ साली दिलेली ‘चँडलर’ बाजूच्या डोळ्यांवरही धरते, आणि एवढ्या एका गुणाने बागेचे गणित बदलले.

यावर कुणी म्हणेल, पॅक्लोब्युट्राझोल घातले की हापूसही दरवर्षी मोहोरतो. खरे आहे, पालवीची वाढ रोखून ते मोहोर आणते. पण साक्यावर तो उपाय नव्हे, आणि दरवर्षी ओझे वाहणाऱ्या झाडाला तेवढे खतही द्यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाईक पैसे मोजते ते हापूसच्या नावाला, आणि २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही हापूसचेच. म्हणूनच हापूस तोडून रत्ना लावा, असे सांगणे चूक ठरेल. पण हापूसला परपरागाने फळधारणा चांगली होते. त्यासाठी बागेत केसर, रत्ना यांसारखी झाडे मिसळण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे रत्नासारखे संकरित झाड स्वतःचे फळ देते आणि शेजारच्या हापूसलाही हातभार लावते.

तेव्हा यंदा पावसाळ्यात नवी कलमे घ्यायला जाल, तेव्हा फळाच्या चवीबरोबर आणखी दोन गोष्टी जरूर विचारा: हे झाड दरवर्षी धरते का, आणि याच्या मोहोरात संयुक्त फुले किती? सगळी बाग एकाच जातीची लावू नका.