गाडीची बॅटरी बदलताना नुसता भाव विचारू नका

रमजानमध्ये सहरीनंतर अम्मींना डायलिसिसला न्यायचं होतं आणि गाडीने नुसतं 'टक' केलं. रिक्षाने गेलो. दुपारी घाईत जी मिळाली ती बॅटरी आणली, तर टर्मिनल उलट्या बाजूला, वायर पोहोचेना!

चूक आमचीच. जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असा कोड होता, आम्ही 'आर' आणली. यात ३८ म्हणजे ताकद, 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. दुकानात जाण्याआधी या कोडचा फोटो काढून घ्या.

पण बॅटरीच खराब आहे ना, हे आधी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. चालू गाडीत तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो, मग नवी बॅटरीही उतरणारच.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएमच लागते. साधी स्वस्त पडते, पण लवकर जाते.

बनल्याची तारीख बघा, दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळणार आणि किती महिने नुसती सूट, हे बिलावर लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिच्यात शिसं असतं, आणि तिचे पैसेही वजा होतात.